वळणावरचं गोदाम

कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायचा खेळ खेळणारी माणसं जगात ढिगाने आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना डोंगरातून, पुलावरून, बर्फातून सुसाट जायचं असतं. जाऊ देत बापडे. ड्रायव्हरबाईंना मात्र कारखान्याचं आवार हवं होतं. चार वाघिणी, म्हणजे मालडबे, इकडून ओढायच्या, तिकडे ढकलायच्या, रुळाचा सांधा बदलायचा, पुन्हा मागे यायचं, आणि सगळं मुंगीच्या पावलाने. शंटिंग म्हणतात त्याला. बाईंनी एका कागद कारखान्यात, छोट्या डिझेल इंजिनावर, सगळी नोकरी तेच केलं होतं. गल्लीत त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. ड्रायव्हरबाई म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा घर दाखवायचं.

"आई, या वयात गेम?" मुलगी फोनवर म्हणाली. ती परगावी नर्स होती, आणि तिचाच जुना कॉम्प्युटर बाईंनी मागून घेतला होता.

"मग काय, तुझ्या सासूसारखी गुडघे चोळत बसू?"

"तसं नाही गं. तुला काय हवंय ते सांग, मी शोधून देते. एकेक रूट इतके सुंदर असतात ना."

"मला सुंदर नको. मला डावीकडे वळणारा रूळ हवाय. वळणाच्या आतल्या अंगाला गोदाम हवंय, आणि त्याची भिंत रुळाला चिकटलेली हवी."

असलं वळण आणि असलं गोदाम कुठे होतं ते मुलीला पक्कं माहीत होतं. तिथेच तिच्या बापाचा डावा हात कोपराखाली गेला होता.

ते असं झालं. बाईंचा नवरा त्याच कागद कारखान्याच्या यार्डात शंटर होता. इंजिन चालवायचं बाईंनी, आणि जमिनीवरून चालत, हात दाखवून, शिट्टी फुंकून वाघिणी जोडायच्या-सोडवायच्या शंटरने. लग्नसुद्धा तिथेच जमलं, त्यामुळे यार्डात 'अरे' आणि घरात सासूसमोर 'अहो' अशी कसरत बाईंनी बरीच वर्षं केली. मग एके दिवशी मुलीला ताप आला म्हणून बाई घरी राहिल्या आणि इंजिनावर बदली ड्रायव्हर आला. गोदामापाशी उभ्या असलेल्या वाघिणीची साखळी सरळ करायला शंटर दोन डब्यांच्या मध्ये शिरला, आणि त्याच वेळी मागून इंजिनाने ढकललं. बदली ड्रायव्हरने चौकशीत सांगितलं की शंटरने हात वर केला, तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला, म्हणून ढकललं. सुपरवायझरसाहेबांनी तेच लिहून घेतलं. इशारा देऊन मग स्वतःच मध्ये शिरला, सबब कामगाराचा स्वतःचा हलगर्जीपणा. विषय संपला.

शंटरला त्या क्षणाचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आणि आठवत नाही म्हणून त्याने दुसऱ्याचं आठवलेलं स्वतःचं करून टाकलं. "केला असेल हात वर," तो म्हणायचा. "नाहीतर तो कशाला ढकलेल?" भला माणूस. भलेपणाने माणसाचं किती वाटोळं होतं याची मोजदाद कुणी ठेवत नाही, म्हणून ते खपून जातं.

बाईंनी तेव्हाच चौकशीत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, की त्या जागेवरचा माणूस इंजिनातून दिसतच नाही, मध्ये गोदाम येतं. साहेब हसले होते. "बाई, तुम्ही त्याच्या बायको. तुम्ही दुसरं काय म्हणणार?" तेवढंही बाईंनी गिळलं असतं. पण घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तोही तेच म्हणाला. वरून म्हणाला, "तुला तर मी रोज दिसायचो. कधी चुकलीस का एकदा तरी? माझ्यासाठी खोटं बोलू नकोस गं."

म्हणजे बघा. बायको खरं बोलते, आणि नवरा तिला प्रेमापोटी खोटं बोलल्याबद्दल माफ करतो. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? पुढे यार्डच उखडलं, माल ट्रकने जायला लागला, गोदाम पाडलं. दाखवायला काही उरलं नाही.

आणि सुपरवायझरसाहेब निवृत्त होऊन नेमके कोपऱ्यावरच राहायला आलेले. रोज सकाळी फिरायला निघाले की फाटकाशी थांबायचे. "काय शंटर, थंडीत ठणकतो का रे हात? असो. चुका माणसाकडूनच होतात." आणि शंटर पेपर बाजूला ठेवून, उभा राहून, "हो साहेब," म्हणायचा. आत बाईंच्या हातातलं भांडं मग जरा जास्तच जोरात ओट्यावर पडायचं.

म्हणून हा खेळ. बाई लोकांनी बनवून ठेवलेले रूट शोधायला लागल्या. बंदराचा रूट मिळाला, त्यात वळण उजवीकडे. कोळशाच्या खाणीचा मिळाला, त्यात वळण बरोबर पण गोदामाचा पत्ता नाही. लाकडाच्या वखारीचा मिळाला, त्यात गोदाम होतं पण बाहेरच्या अंगाला, म्हणजे असून नसल्यासारखं. एका काचेच्या कारखान्यात सगळं जुळत आलं आणि भिंत इतकी लांब की मधून बैलगाडी जावी. बाई प्रत्येक रूट इंटरनेटवरून उतरवून घ्यायच्या, इंजिनात बसायच्या, वळणापर्यंत जायच्या, डावीकडे बघायच्या आणि "हॅत्" म्हणून बंद करायच्या.

मग त्यांनी खेळणाऱ्यांच्या एका फोरमवर विचारलं. तिथली मंडळी आधी हसली. एकाने लिहिलं, काकू, एकदा एक्सप्रेस चालवून बघा, शंटिंग विसराल. बाईंनी उत्तर लिहिलं, की बाळा, सरळ रुळावर जोरात जायला उतार पुरतो, माणूस लागत नाही. त्यानंतर त्यांना कुणी शिकवायला आलं नाही. फक्त 'गंजलेला रूळ' अशा नावाच्या एकाने कळवलं, की माझ्याकडे एका छोट्या कारखान्याचा रूट आहे, मी हौसेने केलाय, आजवर माझ्याशिवाय कुणी चालवलेला नाही. वळण डावं आहे. गोदाम थोडं लांब आहे, पण तुम्ही सरकवू शकता, रूट बदलायला मोकळा ठेवलाय.

बाईंनी तो उतरवला, चालवला, आणि पहिल्यांदाच "हॅत्" म्हटलं नाही.

सरकवायचं कसं हे शिकायला त्यांना घाम फुटला. पहिल्या दिवशी पाण्याची टाकी रुळावर आली, दुसऱ्या दिवशी आख्खा कारखाना हवेत लटकला. मुलगी फोनवरून सांगायची, बाई फोनवरूनच तिला ओरडायच्या, पण हात बसला. आणि हात बसल्यावर बाईंनी एक डाव टाकला. त्यांना यार्डाचा कोपरा न् कोपरा तोंडपाठ होता. तरी त्यांनी मुद्दाम सगळं चुकीचं मांडलं, खोलीचं दार उघडं ठेवलं आणि आवाज मोठा केला.

नवरा बाहेर पेपरवर बशी ठेवून, एका हाताने पान उलटत बसलेला. आगगाडी म्हटलं की त्याचं तोंड फिरायचं. खेळ घरात आल्यापासून त्याने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. पण कान उघडेच असतात. इंजिन घरघरलं, सांध्यावर खडखडलं, तसा तो पाणी प्यायला म्हणून उठला आणि दारातून जाताजाता त्याची नजर पडली.

"वजनकाटा तिथे कुठे?" तो म्हणाला.

"तिथेच तर होता."

"फाटकाजवळ होता. डोकं आहे की खोकं?"

"मला नाही आठवत बाई. असेल तुमचं बरोबर." बाईंनी वजनकाटा उचलला आणि फाटकापासून लांब, भलत्याच जागी ठेवला.

शंटरने कपाळावर हात मारला आणि पाणी न पिताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो चौकटीला टेकून उभा राहिला. लगद्याच्या हौदापाशी रुळाला तीन सांधे नव्हते, दोनच होते म्हणाला. तिसरा मुकादमाच्या खोलीमागे होता, त्यात नेहमी खडी अडकायची, तो पायाने ठोकायला लागायचा. त्यानंतर तो आत आला. मग स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आला. चुकीचं बघवत नाही अशी काही माणसं असतात, आणि अशांना घरात बोलवायचं तर अंगण सारवून काही होत नाही, एखाद्या फोटोची चौकट तिरकी लावून ठेवावी लागते. बाईंनी हे लग्नानंतर पहिल्याच वर्षी ओळखलं होतं.

बघता बघता यार्ड उभं राहिलं. कुंपण, दिव्याचे खांब, कामगारांचा नळ, सगळं. शेवटी गोदाम राहिलं. ते दोघंही टाळत होते, आणि टाळतोय हे दोघांनाही कळत होतं.

"भिंत किती जवळ घेऊ?" शेवटी बाईंनी विचारलं. हे मात्र त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्या बाजूला जमिनीवर त्या कधी उतरल्याच नव्हत्या.

शंटरने स्टूल पुढे ओढलं. "भिंत आणि डबा यांच्यामधून मी आडवा होऊन जायचो," तो म्हणाला. "पोट आत ओढून."

बाईंनी भिंत सरकवली.

"अजून."

पुन्हा सरकवली.

"अजून. आण इकडे." त्याने माउस आपल्या हातात घेतला आणि भिंत स्वतः जागेवर आणली. मग गोदामाच्या कोपऱ्यापलीकडे उभी वाघीण आणली, तिची साखळी ज्या बाजूला लोंबायची त्या बाजूला घेतली. बाईंनी खेळातल्या माणसांची यादी उघडली. त्यात नारिंगी जाकीट घातलेला एक शंटर होता.

"हात खाली ठेवू की वर?" त्यांनी विचारलं.

"वर," तो म्हणाला. "केलाच असणार." आणि त्याने तो नारिंगी माणूस भिंत आणि वाघीण यांच्यामध्ये, जिथे तो स्वतः उभा असायचा तिथे, हात वर करून उभा केला.

बाई खुर्चीतून उठल्या. "आता इथे बसा."

"नको."

"बसा म्हणते ना."

"शंटर ड्रायव्हरच्या खुर्चीत बसत नाही."

त्यांच्या यार्डातला हा रिवाज होता. शंटरची जागा पायरीवर, ड्रायव्हरची खुर्चीत. शंटर खुर्चीत बसला की इंजिन रुसतं म्हणायचे. नवरा-बायको झाल्यावरही त्याने कधी तो मोडला नव्हता. जेवणाचा डबा द्यायचा तोसुद्धा पायरीवरून, हात लांब करून. इतक्या वर्षांत त्याने सगळं यार्ड जमिनीवरून बघितलं होतं आणि बाईंनी सगळं यार्ड वरून. दोघांनाही वाटायचं की समोरच्याला आपल्याइतकंच दिसतं.

"रिवाज यार्डाबरोबर भंगारात गेला," बाई म्हणाल्या. "बस अरे."

सासू जाऊनही कितीतरी वर्षं झाली होती, तरी घरात त्यांनी त्याला 'अरे' कधी म्हटलं नव्हतं. शंटर बसला.

बाईंनी त्याला इंजिनाच्या आत नेलं. समोर काच, डाव्या हाताला खिडकी. पुढे जोडलेल्या वाघिणी. त्याने एका हाताने इंजिन सोडलं आणि मुंगीच्या पावलाने वळणावर आला. डावीकडे बघितलं. भिंत होती. अजून थोडा पुढे गेला. भिंतच होती. तो थांबला, कुठली कळ ते बाईंना विचारून खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मान इकडे केली, तिकडे केली. विटा, विटा आणि कोपऱ्यावरचा पन्हाळीचा नळ. ज्याला त्याने स्वतःच्या हाताने उभा केला होता तो नारिंगी माणूस कुठेच नव्हता.

"तू काढलास त्याला," तो म्हणाला.

बाईंनी कळ दाबून वरून यार्ड दाखवलं. माणूस तिथेच होता, हात वर करून. पुन्हा इंजिनात आणलं. भिंत.

असं त्याने किती वेळा केलं कोण जाणे. पुढे जायचा, मागे यायचा. माणसाचा हात खाली केला, पुन्हा वर केला, त्याच्या हातात झेंडा दिला. काही केल्या फरक पडेना. मग त्याने माउस सोडला आणि खुर्चीत मागे रेलून बसला.

"मग तू," तो हळूच म्हणाला, "तू मला नेहमी म्हणायचीस, पलीकडे मोकळ्यावर येऊन तोंड दाखव, त्याशिवाय हलणार नाही."

"हो. दिसत नव्हतास म्हणून."

"मला वाटायचं लाडात येतेस."

इतकी वर्षं हा माणूस वाघिणींना वळसा घालून, खडीतून ठेचकाळत, उन्हात मोकळ्यावर येऊन उभा राहायचा, दात काढायचा, हात हलवायचा, आणि याला वाटायचं बायकोला आपलं तोंड बघायचंय.

"लाडात?" त्या म्हणाल्या. "ड्युटीवर?"

"मग त्या दिवशी म्हणून मी सकाळपासूनच गेलो नाही मोकळ्यावर. त्या बदलीवाल्याला कशाला तोंड दाखवू? पुरुषमाणूस तो." तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. "म्हणजे चूक माझीच झाली ना गं शेवटी? गेलो असतो तर..."

"गप्प बस," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "तू गेला नाहीस, तर त्याने जागेवर उभं राहायचं होतं. माणूस दिसत नाही तोवर इंजिन हलत नाही. हा नियम ड्रायव्हरचा आहे, शंटरचा नाही. मी तासन् तास उभी राहिलेय त्या वळणावर, साहेब खालून बोंबलत असायचे तरी. तू हात वर केलास, खाली केलास, नाचलास, काही फरक पडत नाही. त्याला तू दिसलाच नाहीस. तरी त्याने ढकललं, मग दिसला म्हणून सांगितलं, आणि साहेबांनी लिहून घेतलं. आणि तू मलाच खोटारडी ठरवलंस."

त्यांना रडू आलं. राग इतकी वर्षं साहेबांवर आहे असं त्या समजत होत्या, पण त्यातला मोठा वाटा या खुर्चीतल्या माणसावर होता. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि ओरडल्या, "आता बोल की काहीतरी."

"मला माफ कर," शंटर म्हणाला. "तू खरं बोलत होतीस." मग पुन्हा एकदा इंजिन मागे घेऊन तो वळणावर आला, आणि भिंत दिसल्याबरोबर स्वतःहून थांबला.

सकाळी नेहमीप्रमाणे सुपरवायझरसाहेब फाटकाशी आले. बाई खिडकीत होत्या. शंटर पेपर वाचत होता, तो उठला नाही.

"काय शंटर, थंडीत ठणकतो का रे हात?"

"ठणकतो."

"असो. चुका माणसाकडूनच होतात."

"हो साहेब," शंटर म्हणाला, आणि बाई भांडं आपटायला वळल्या. पण तो थांबला नव्हता. बशी बाजूला करून तो उठला, चालत फाटकाशी गेला. "ड्रायव्हरकडून झाली. आणि तुम्ही ती माझ्या नावावर लिहिलीत."

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालायची थांबली होती. "आता ते जुनं कशाला उकरायचं? आम्ही केव्हाच विसरलो."

"तुम्ही विसरा. हात तुमचा नव्हता."

"अरे, त्याने तुझा हात वर बघितला होता. त्याने सांगितलं मला."

"त्या खुर्चीवरून तिथला माणूस दिसत नाही. बायकोने तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही एकदा चढून बघितलं असतं तर कळलं असतं." त्याचा आवाज गल्लीभर ऐकू जाईल इतका मोठा होता. "आजही बघू शकता. आत या, खुर्ची रिकामी आहे. आणि यायचं नसेल तर उद्यापासून या फाटकाशी थांबू नका. मला माफ केल्यासारखं माझ्याशी बोलायचं नाही."

साहेब काहीतरी पुटपुटले. वयाचा मान, जिभेला हाड, असलं काहीतरी. मग ते चालायला लागले, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

शंटर फाटकात उभाच होता. आता तो परत येईल म्हणून बाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि पुन्हा खिडकीशी आल्या. तो आत आला नव्हता. फाटक ओलांडून, रस्ता ओलांडून तो पलीकडच्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला होता, घराकडे तोंड करून, सगळ्या गल्लीच्या देखत. त्याने उरलेला हात वर केला.

"दिसतोय का?" त्याने विचारलं.

"दिसतोयस," बाई म्हणाल्या. "ये आता, चहा उतू जाईल."